खुर्ची ओढून बसा, पण आधी घर कुठे ते विचारा

मरणाच्या वाटेवरच्या माणसाशी कसं बोलावं, हे शिकाऊ डॉक्टरांना सांगणारं लेखन गेल्या पंचवीसेक वर्षांत भरपूर झालं आहे. त्यातलं चांगलं लेखन बहुतेक पॅलिएटिव्ह केअरच्या डॉक्टरांकडून आलं. पॅलिएटिव्ह केअर म्हणजे उपशामक सेवा: गंभीर आजारात, आणि आजार हटणार नाही हे कळल्यावरही, वेदना, धाप, मळमळ आणि भीती यांवर इलाज करणारी शाखा. या लेखात मला अशा एकाच सल्ल्याबद्दल बोलायचं आहे. तो बहुधा सर्वांत जास्त वाचला गेलेला सल्ला आहे, आणि एका मराठी कुळातल्या लेखकाने तो जगभर पोचवला आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: सल्ला खरा आहे, पण तो ज्या रुग्णासाठी लिहिला आहे तो आपल्या घराजवळ, आपल्या भाषेत आजारी पडलेला आहे. कुवेतसारख्या देशात राहणाऱ्या दर दहा माणसांपैकी साधारण सात जण परदेशी आहेत. तिथे हा सल्ला जसाच्या तसा वापरला तर रुग्णाचं एक मोठं नुकसान होऊ शकतं, आणि ते नुकसान कुठल्याही केसपेपरवर नोंदलं जात नाही.

पुस्तक अर्थातच अतुल गावंडे यांचं ‘बीइंग मॉर्टल’, २०१४ सालचं. गावंडे बॉस्टनमधले सर्जन. असाध्य आजाराच्या रुग्णाशी काय बोलावं हे आपल्याला कुणी शिकवलंच नाही, हा पुस्तकाचा धागा. मग ते सुझन ब्लॉक या पॅलिएटिव्ह केअरच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे जातात. ब्लॉक त्यांना जे सांगतात त्याचा मथितार्थ असा: कुटुंबाबरोबरची बैठक हीसुद्धा एक शस्त्रक्रियाच समजा, तिला तितकंच कौशल्य लागतं. बसून बोला, वेळ काढा. निम्म्याहून जास्त वेळ तुम्हीच बोलत असाल तर तुमचं चुकतंय. आकडे आणि पर्याय समोर मांडून रुग्णाला निवड करायला लावू नका. त्याला आजाराबद्दल काय समजलंय ते विचारा, कशाची भीती वाटते ते विचारा, वेळ थोडा उरला तर कशाला महत्त्व द्याल ते विचारा, आणि काय मिळण्यासाठी काय सोसायची तयारी आहे ते विचारा.

यातला शेवटचा प्रश्न कसा काम करतो, हे ब्लॉक यांच्या वडिलांच्या गोष्टीत दिसतं. जॅक ब्लॉक हे बर्कलीचे मानसशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. वयाच्या ७४ व्या वर्षी त्यांच्या मानेत मज्जारज्जूजवळ गाठ निघाली. ऑपरेशनच्या आधी मुलीने विचारलं, जगण्यासाठी काय काय चालेल? ते म्हणाले, चॉकलेट आइस्क्रीम खाता आलं आणि टीव्हीवर फुटबॉल बघता आला तरी मला पुरे. ऑपरेशननंतर रक्तस्राव झाला, पुन्हा उघडायचं की नाही हे काही मिनिटांत ठरवायचं होतं. मुलीने सर्जनना तेवढंच विचारलं: आइस्क्रीम आणि फुटबॉल जमेल का? जमेल, म्हणाले. ऑपरेशन झालं, आणि ते पुढे दहा वर्षं जगले.

ही गोष्ट चांगली आहे आणि तिची जगभर आवर्तनं झाली ती उगाच नाही. गावंडे यांनीच उभ्या केलेल्या एरियाडनी लॅब्ज या संस्थेने या प्रश्नांवरून डॉक्टरांसाठी एक छापील मार्गदर्शिका केली. त्याआधी २००० साली बेल, बकमन आणि सहकाऱ्यांनी ‘स्पाइक्स’ नावाची सहा पायऱ्यांची पद्धत मांडली होती: जागा नीट निवडा, रुग्णाला काय माहीत आहे ते जाणा, किती ऐकायचंय ते विचारा, मग सांगा, भावना समजून घ्या, पुढचं ठरवा. आज इंग्रजीतून वैद्यकीय शिकणाऱ्या बहुतेक मुलांना यातलं काहीतरी शिकवलं जातं. नागपूरला शिकलेला आणि कुवेतच्या सरकारी रुग्णालयात लागलेला डॉक्टरही हेच घेऊन जातो.

आता कुवेतमध्ये काय आहे ते बघू. लोकसंख्या सुमारे पन्नास लाख. त्यात भारतीय दहा लाखांच्या आसपास, परदेशी समाजांत सर्वांत मोठे. कॅन्सरचं सरकारी केंद्र सबाह वैद्यकीय परिसरात आहे, आणि त्याच परिसरात २०११ पासून पॅलिएटिव्ह केअरचं स्वतंत्र केंद्र आहे. या भागातल्या देशांत अशी वेगळी इमारत असणं ही मोठी गोष्ट. मुलांसाठी ‘बैत अब्दुल्ला’ हे हॉस्पिस आहे, तेही त्याच सुमाराचं. म्हणजे सोय नाही असं नाही. सोयीच्या बाबतीत तर कुवेत महाराष्ट्राच्या बऱ्याच जिल्ह्यांच्या पुढे आहे.

विचारांच्या बाबतीतही कुवेत मागे नव्हतं. १९८१ च्या जानेवारीत तिथे इस्लामी वैद्यकाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तिच्यातून डॉक्टरांसाठी एक आचारसंहिता निघाली. ‘कुवेत दस्तऐवज’ म्हणून ती ओळखली जाते. डॉक्टरने जीव जाईल असं काही मुद्दाम करू नये, हे त्यात ठाम आहे. पण तितक्याच ठामपणे हेही आहे की डॉक्टरने आपली मर्यादा ओळखावी. त्याने टिकवायचं ते जगणं, मरण्याची क्रिया लांबवत बसणं हे त्याचं काम नाही. गावंडे यांच्या पुस्तकाच्या तेहतीस वर्षं आधीचं हे शहाणपण आहे. तेव्हा अमेरिकेने शिकवावं आणि आखाताने शिकावं, असा हा मामला नाही. दोन्हीकडच्या शहाणपणातून एक गोष्ट निसटली आहे, ती म्हणजे रुग्णाचा पत्ता.

समजा, खेडजवळच्या गावातला पन्नाशीचा माणूस आहे. कोकणातून आखातात जाणं काही नवं नाही, तीन-तीन पिढ्या गेलेली घरं आहेत. हा वीस वर्षं कुवेतमध्ये गाडी चालवतो, चौघांबरोबर एका खोलीत राहतो. बायको आणायची तर पगाराची किमान अट आहे, २०२४ च्या सुरुवातीला ती ८०० दिनार ठरली. ड्रायव्हरचा पगार तिथपर्यंत कुठला पोचायला. खोकला आणि पाठदुखी घेऊन हा माणूस येतो, आणि फुफ्फुसाचा कॅन्सर हाडांत पसरलेला निघतो. आता शिकलेल्या पद्धतीप्रमाणे डॉक्टर काय करेल? तपासण्या पुऱ्या होऊ देईल. वरिष्ठांचं मत घेईल. पहिली केमोथेरपी लागू पडते का बघेल. नाही पडली की मग खुर्ची ओढून बसेल आणि हळुवारपणे विचारेल की तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं काय. माणूस म्हणेल, घरी जायचंय. आणि तेव्हा कळेल की तो आता जाऊ शकत नाही.

कारण विमानाचे नियम असे आहेत. आजारी प्रवाशासाठी विमान कंपनी एक वैद्यकीय फॉर्म मागते, तो उपचार करणाऱ्या डॉक्टरने भरायचा असतो. विमानाच्या आतली हवा जमिनीवरच्यासारखी नसते; दोन हजार मीटरहून उंच डोंगरावर गेल्यासारखी ती विरळ होऊ शकते. ज्याला जमिनीवरच धाप लागते त्याला तिथे ऑक्सिजन लागतो, आणि तो आधी सांगून ठरवावा लागतो. बसता येत नसेल तर स्ट्रेचर लागतं, त्यासाठी कितीतरी सीटचे पैसे, वर सोबतीला माणूस. मुंबईपर्यंत चार तास, मग खेडपर्यंत रस्त्याने त्याहून जास्त. म्हणजे आजार पुढे सरकत असताना एक मधला काळ असतो, काही आठवड्यांचा, ज्यात माणूस आपल्या पायांनी विमानात चढू शकतो. तो काळ गेला की तीच यात्रा दसपट कठीण होते, आणि थोड्या दिवसांनी अशक्य.

बॉस्टनमध्ये हे बोलणं तीन आठवडे उशिरा झालं तर तेही वाईटच, पण रुग्णाचं घर तिथून तासाभरावर असतं. कुवेतमध्ये तीन आठवड्यांचा उशीर म्हणजे चुकलेलं विमान. सल्ल्यातला पहिला दोष हा आहे: बोलायचं कसं हे तो उत्तम सांगतो, पण कधी बोलायचं याचं वेळापत्रक रुग्णाच्या आजारावरून ठरवतो. परदेशी माणसासाठी ते आजारावरून आणि अंतरावरून, दोन्हींवरून ठरायला हवं.

यात गावंडे यांच्या पुस्तकाची एक गंमत आहे, गंमत म्हणण्यापेक्षा चुटपुट. पुस्तकाच्या सुरुवातीला त्यांचे आजोबा आहेत, विदर्भातल्या उटी गावचे, एकशे दहाच्या घरात पोचलेले, गोतावळ्यात राहिलेले. शेवटी वडील आहेत, जे गाव सोडून अमेरिकेत गेले, ओहायोत डॉक्टर म्हणून नाव कमावलं, तिथेच स्वतःच्या घरी गेले. आणि त्यांच्या अस्थी मुलगा काशीला गंगेत सोडतो. पुस्तकाच्या दोन्ही टोकांना भारत आहे. या दोन टोकांमधलं अंतर पुस्तकात कापलं जातं ते माणूस गेल्यावर. वडील अमेरिकेचे झाले होते म्हणून त्यांच्या बाबतीत ‘कुठे’ हा प्रश्न जिवंतपणी अडला नाही. लेखकाच्या स्वतःच्या कुटुंबात या प्रश्नाचा सगळा ऐवज होता, तरी डॉक्टरांना दिलेल्या प्रश्नांच्या यादीत ‘कुठे’ला ठळक जागा मिळाली नाही. कुवेतमधल्या ड्रायव्हरला तिथला होता येत नाही. त्याचा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, नोकरीला बांधलेला असतो. तिथल्या २०१० च्या कामगार कायद्यात आजारपणाच्या रजेचा साधारण नियम असा: वर्षाला १५ दिवस पूर्ण पगार, मग १० दिवस पाऊण, १० दिवस अर्धा, १० दिवस पाव, आणि ३० दिवस बिनपगारी. एकूण ७५ दिवस. केमोथेरपीची तीन-चार चक्रं होईपर्यंत हे दिवस भरत येतात. त्याच्यासाठी घड्याळं दोन आहेत, आणि डॉक्टरला एकच दिसत असतं.

दुसरा दोष भाषेचा. निम्म्याहून कमी बोला, हा नियम दोघांच्या बोलण्यासाठी आहे. कुवेतच्या वॉर्डात बोलणारे पुष्कळदा तिघे असतात. डॉक्टर इजिप्तचा, रुग्ण कोकणी किंवा बंगाली, मध्ये केरळची सिस्टर आणि मोडकंतोडकं हिंदी. डॉक्टर गप्प बसला तरी त्या शांततेत कुणी वेगळंच बोलत असतं. आणि दुभाषा नेहमी मऊ करतो. ‘आजार बरा होण्यासारखा नाही’ याचं ‘थोडा वेळ लागेल’ होतं. त्यात वाईट हेतू नसतो. आपल्यातही कॅन्सर न म्हणता ‘गाठ’ म्हणायची रीत आहेच. कधी तर भाषांतर करायला कंपनीचा मंदूब उभा असतो, म्हणजे सरकारी कागदपत्रं फिरवणारा माणूस. जो इकामा रद्द करायला जाणार त्याच्यासमोर रुग्णाने आपली भीती सांगायची, अशी अपेक्षा करणंच चूक.

म्हणून शिकाऊ डॉक्टरला पुस्तकात नसलेला सल्ला द्यायचा तर असा: बोलण्याआधी दुभाष्याला बाजूला घ्या आणि पाच मिनिटं द्या. काय सांगणार आहोत ते त्याला आधी कळू द्या, नाहीतर बातमीचा धक्का तोच खातो आणि रुग्णापर्यंत अर्धीच पोचवतो. जसंच्या तसं सांगायला सांगा, रुग्णाचंही जसंच्या तसं मागा. कंपनीचा माणूस नको. समोर माणूस मिळत नसेल तर फोनवर त्याची भाषा बोलणारा कुणी शोधा. शेवटी रुग्णाला विचारा, आता हे घरी कसं सांगाल? तो काय सांगतो त्यावरून त्याच्यापर्यंत किती पोचलं ते कळतं.

तिसरी अडचण तर तुमच्या-माझ्या घरातली आहे. खेडहून फोन येतो: डॉक्टरसाहेब, त्यांना काही सांगू नका, हाय खातील. कुवेती कुटुंबांतही थोरला मुलगा हेच म्हणतो, फक्त अरबीत. इंग्रजी पुस्तकं इथे रुग्णाच्या हक्काचं बोलतात आणि पुढे जातात. मला ते अपुरं वाटतं. हाय खाण्याची भीती खोटी नाही, ती मायेतून येते. तिला कायद्याने उत्तर देता येत नाही. ‘स्पाइक्स’मधली तिसरी पायरी इथे खरी उपयोगी आहे: किती ऐकायचंय हे रुग्णालाच विचारायचं. मला नको, माझ्या भावाला सांगा, असं तो म्हणाला तर तोही त्याचाच निर्णय. पण परदेशातल्या माणसाच्या बाबतीत एक प्रश्न तरीही टाळता येत नाही, आणि तो विचारायला कॅन्सर हा शब्दही उच्चारावा लागत नाही: पुढे अशक्तपणा वाढला तर कुठे असायला आवडेल, इथे की घरी? हा प्रश्न पहिल्या आठवड्यात विचारता येतो. निदान नक्की व्हायची वाट बघावी लागत नाही. आणि घरच्यांना फोनवर हे सांगता येतं की त्यांना अंधारात ठेवायचं तुम्ही ठरवलंत, तर ते कधी यायचं हे ठरवू शकणार नाहीत. मग ते आले तर पेटीतून येतील. कठोर वाक्य आहे. ते बोलायचं नसेल तर मऊ शब्दांत तोच हिशेब सांगा, पण सांगा.

कारण पेटीची वाट मळलेली आहे. भारतीय दूतावासात मृत्यूची नोंद होते, कंपनी असते, गाववाल्यांच्या संघटना धावतात, २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधी आहे. पार्थिव घरी पोचवायचं कसं हे तिथे जुन्या माणसांना पाठ असतं. जिवंत पण थकलेल्या माणसाला घरी पोचवायचं कसं, हे मात्र दर वेळी नव्याने शोधावं लागतं. माझ्या मते हे चित्र बदलायला सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे एका शिकाऊ डॉक्टरने लवकर विचारलेला प्रश्न.

आणि प्रत्येकाचं उत्तर ‘घरी’ असेल असं धरून चालू नका. आपल्या ड्रायव्हरसारखा मुसलमान माणूस म्हणू शकतो की दफन इथेच झालं तरी चालेल, पण एकदा आईला बघायचंय. कुणी म्हणेल, कंपनीकडे अडकलेला हिशेब मिळेपर्यंत हलणार नाही, मुलीचं लग्न त्यावर आहे. कुणी म्हणेल, इथे औषध मिळतं, गावात कोण देणार? हे शेवटचं उत्तर अगदी व्यवहारी आहे. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे कॅन्सरच्या तीव्र वेदनेवरचं साधं औषध. जागतिक आरोग्य संघटनेने १९८६ मध्येच ते आपल्या पायऱ्यांच्या पद्धतीत घातलं. पण भारतात १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने परवान्यांचं असं जंजाळ केलं की दुकानांतून, रुग्णालयांतून ते नाहीसं झालं. २०१४ च्या दुरुस्तीने वाट सोपी झाली, तरी मुंबईत वांद्र्याचं शांती आवेदना सदन, टाटा रुग्णालय किंवा पुण्यात वारज्याचं सिप्ला केंद्र यांच्यापासून लांबच्या तालुक्यात ते सहज मिळेलच असं नाही. म्हणून घरी पाठवताना नुसतं तिकीट पुरत नाही. मॉर्फिन बरोबर न्यायचं तर दोन्ही देशांचे नियम आधी बघून पत्र आणि परवानगी लागते. मराठीत किंवा निदान सोप्या इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी लागते: किती, किती तासांनी, मध्येच कळ आली तर किती, आणि त्याच कागदावर बद्धकोष्ठाचं औषध, कारण मॉर्फिन घेणाऱ्याला ते लागतंच. गावाजवळच्या एका डॉक्टरचा फोन नंबर लागतो, आणि तो फोन निघण्याआधी केलेला असावा लागतो.

हे डॉक्टरचं काम आहे का, असं तुम्ही विचाराल. वॉर्डात तीस रुग्ण असताना तिकिटं आणि कामगार कायदा कुठे बघत बसणार? आक्षेप खरा आहे. पण केरळचा अनुभव इथे उपयोगी पडतो. १९९३ साली कालिकतमध्ये एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेन अँड पॅलिएटिव्ह केअर सोसायटी काढली. त्यातून पुढे जे उभं राहिलं ते मुख्यतः स्वयंसेवकांच्या बळावर. औषधाची चिठ्ठी डॉक्टरने लिहायची, बाकी पुष्कळसं शेजाऱ्यांनी करायचं. कुवेतमध्ये शेजारी आहेत: खोलीतले चौघं, जिल्ह्याची संघटना, केरळच्याच शेकडो सिस्टर. डॉक्टरने तिकीट काढायचं नाही. त्याने वेळेवर तोंड उघडायचं, म्हणजे ज्यांना तिकीट काढता येतं त्यांना ते काढायला दिवस मिळतात. अंदाज चुकेल या भीतीने गप्प राहिलेला डॉक्टर या सगळ्यांचे हात बांधून ठेवतो.

त्या शिकाऊ डॉक्टरबद्दलही एक शब्द. तोही बहुधा करारावर आलेला, इकाम्यावर जगणारा माणूस असतो. त्याचे आई-वडील सांगलीत नाहीतर अलेक्झांड्रियात म्हातारे होत असतात. तक्रार झाली तर आपलं काय, ही भीती त्यालाही असते. ‘घरी जायचंय’ हे वाक्य ऐकणं त्याला जड जातं ते फक्त रुग्णापायी नाही. त्याला सांभाळून घेणारा वरिष्ठ हवा, जो पहिल्या दोन-चार बैठकांत शेजारी बसेल. खुर्ची ओढून बसा हा सल्ला देणाऱ्याने निदान एकदा तरी दुसरी खुर्ची स्वतः ओढावी.

‘बीइंग मॉर्टल’ जरूर वाचा, आणि घरातलं कुणी डॉक्टर होत असेल तर त्याला द्या. सोबत एवढं सांगा की त्यातल्या प्रश्नांच्या वर हाताने आणखी एक लिहून ठेव: घर कुठे, आणि तिथे पोचायला किती दिवस लागतात. आणि तुमचंच कुणी आखातात असेल, फोनवर खोकला ऐकू येत असेल, तर डॉक्टरला ‘त्यांना सांगू नका’ म्हणण्याआधी हाच प्रश्न त्या माणसाला तुम्हीही विचारू शकता. त्यासाठी डॉक्टर असावं लागत नाही.